रुग्णांच्या पैशावरचे संशोधन

संशोधनाला पैसा लागतो आणि पैशासाठी अर्ज करावा लागतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी निराळा विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. नव्या औषधाची वार्ता वर्तमानपत्रात येते, शोध लावणाऱ्याचे छायाचित्रही येते. परंतु त्याच्या कितीतरी वर्षे आधी कोणीतरी एक अर्ज लिहिला होता, कोणीतरी तो वाचून मान्य केला होता आणि कोणाच्या तरी खिशातून ते पैसे आले होते, हे सांगण्याची प्रथा नाही. पैसे सरकारी तिजोरीतून येतात तेव्हा देणारा आणि घेणारा यांच्यात इतके अंतर असते की देणाऱ्याचा चेहरा कधी दिसतच नाही. तेच पैसे एखाद्या रोगाने पीडित असलेल्या माणसांनी आणि त्यांच्या आप्तांनी मिळून उभारलेल्या संस्थेकडून येतात, तेव्हा मात्र अर्जाच्या त्या कागदाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. ब्रिटन व अमेरिका या देशांत ल्युपस या रोगासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था आणि त्यांच्याकडे येणारे संशोधकांचे अर्ज हे याचे उत्तम उदाहरण होय. विद्यापीठे, महाविद्यालये व रुग्णालये यांच्याशी ज्यांचा शिक्षक, विद्यार्थी किंवा कार्यालयीन कर्मचारी म्हणून संबंध येतो, त्यांनी ते समजून घेण्याजोगे आहे.

ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. या रोगात चेहऱ्यावर उठणारे व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे दिसतात म्हणून मध्ययुगीन वैद्यांनी हे नाव दिले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात हा केवळ त्वचेचा रोग नव्हे. शरीराचे रक्षण करण्यासाठी असलेली प्रतिकारशक्तीच येथे घरभेदी होते आणि सांधे, त्वचा, रक्तपेशी, मूत्रपिंडे, हृदय, मेंदू यांपैकी कशावरही हल्ला चढवते. दोन रुग्णांचा रोग एकसारखा नसतो. एकीला केवळ सांधेदुखी व थकवा, तर दुसरीची मूत्रपिंडे निकामी होण्याच्या वाटेवर. ‘एकीला’ हा शब्द येथे सहेतुक वापरला आहे. कारण प्रौढ रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि रोग बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह आणि अपत्यजन्म यांच्या ऐन काळात गाठतो. आफ्रिकी व आशियाई वंशाच्या स्त्रियांत तो गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो आणि अधिक उग्रही असतो.

या रोगाच्या संशोधनाचा इतिहास आशा आणि दिरंगाई यांचा मिळून झालेला आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विशिष्ट पेशी आढळली आणि या रोगाच्या निदानाला प्रथमच प्रयोगशाळेचा आधार मिळाला. त्याच सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झाले. १९५५ साली हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. यानंतर ल्युपससाठी म्हणून मान्यता मिळालेले पुढचे नवे औषध, बेलिमुमॅब, यायला २०११ साल उजाडले. मध्ये छप्पन वर्षे गेली. माणूस चंद्रावर जाऊन आला, देवी रोगाचे उच्चाटन झाले. परंतु ल्युपसच्या रुग्णाच्या हाती पडत होती ती अन्य रोगांसाठी तयार झालेली औषधेच. तीही उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. १९५०च्या दशकात निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच पाच वर्षांनंतर हयात असत. आज चांगली वैद्यकीय सोय असलेल्या देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. २०२१ साली अॅनिफ्रोलुमॅब हे आणखी एक औषध आले. त्याच वर्षी जर्मनीतील एरलांगेन येथील डॉक्टरांनी, रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत बदल घडवून त्या परत शरीरात सोडण्याची, मूळ रक्तकर्करोगासाठी विकसित झालेली पद्धत एका तरुण ल्युपस रुग्णावर यशस्वीपणे वापरल्याचे जाहीर केले. म्हणजे गती आली आहे. पण ती फार उशिरा आली आहे.

हा उशीर का झाला, याचे उत्तर अर्थशास्त्रातही शोधावे लागते. रोग तुलनेने विरळ, लक्षणे प्रत्येकीची निराळी, त्यामुळे औषध लागू पडले की नाही हे मोजणेही कठीण; अशा क्षेत्रात औषधकंपन्या सहजासहजी पैसा गुंतवीत नाहीत. अनेक औषधांच्या मोठ्या चाचण्या या रोगात अयशस्वी ठरल्या आहेत. उलट हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसारखे जुने औषध आजही ल्युपसच्या उपचाराचा पाया आहे. पण त्याचे पेटंट केव्हाच संपलेले असल्यामुळे, त्याची योग्य मात्रा कोणती, गर्भारपणात ते कसे द्यावे, डोळ्यांवरील दुष्परिणाम वेळीच कसा ओळखावा, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात कोणाही कंपनीचा फायदा नाही. २०२० साली कोविडवर हे औषध चालते अशी हवा उठली, तेव्हा जगातील अनेक देशांत ल्युपसच्या रुग्णांनाच ते मिळेनासे झाले. ज्या प्रश्नात नफा नाही आणि ज्या रुग्णांची संख्या मतपेटीत भरण्याइतकी मोठी नाही, तेथे पैसा घालणार कोण? या पोकळीतच धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या.

थेंबे थेंबे तळे

अमेरिकेत ‘ल्युपस फाउंडेशन ऑफ अमेरिका’ ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. तेथीलच तीन संस्था २०१६ साली एकत्र येऊन ‘ल्युपस रिसर्च अलायन्स’ बनली. तिच्या कार्यालयाचा व व्यवस्थेचा खर्च संचालक मंडळाचे सदस्य उचलतात, जेणेकरून देणगीदाराचा प्रत्येक डॉलर संशोधनाकडे जावा. ब्रिटनमध्ये ‘ल्युपस यूके’ ही संस्था रुग्णांना माहिती व आधार देते आणि संशोधनासाठी अर्ज मागवून अनुदानेही देते. या संस्थांकडे पैसा येतो तो मृत्युपत्रांतून, निधन पावलेल्या मुलीच्या किंवा पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणग्यांतून आणि सार्वजनिक पदयात्रांसारख्या उपक्रमांतून. काही मोठे देणगीदारही असतात. पण संस्थेचा पाया असतो तो हजारो लहान रकमांचा.

लहान रकमांना हसण्याचे कारण नाही. १९३८ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने पोलिओच्या निर्मूलनासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि जनतेला दहा-दहा सेंटची नाणी पाठविण्याचे आवाहन करण्यात आले. त्याच पैशावर जोनास साल्क यांची लस तयार झाली, तिची लाखो मुलांवर चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती यशस्वी ठरल्याची घोषणा झाली. अर्थात प्रत्येक रोगाला असा एकच निर्णायक विजय मिळत नसतो, आणि ल्युपसच्या बाबतीत तो दृष्टिपथातही नाही. तथापि धर्मादाय अनुदानाचे खरे सामर्थ्य रकमेत नसून ती कोणत्या टप्प्यावर दिली जाते यात असते. सरकारी संस्थांच्या समित्या स्वभावतः सावध असतात. कल्पना फलद्रूप होईल याचा निम्माअधिक पुरावा हाती असल्याशिवाय त्या पैसे देत नाहीत. आणि पैसे असल्याशिवाय तो पुरावा गोळा करता येत नाही. या पेचात नवा संशोधक हमखास सापडतो. हा पेच सोडविण्यासाठीच ल्युपसच्या अमेरिकी संस्थांनी, प्राथमिक पुरावा थोडा असला तरी कल्पना नवी असेल तर तिला आधार द्यावयाचा, असे धोरण ठेवले. उन्हाळी सुटीत एखाद्या विद्यार्थ्याने ल्युपसवरील प्रकल्पात काम करावे म्हणून लहानशी शिष्यवृत्ती देण्याची पद्धतही आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी एखादा जन्मभर या विषयात राहिला तरी ती रक्कम सार्थकी लागली असे म्हणावे लागेल.

अर्ज म्हणजे काय?

असा अर्ज वरवर पाहता रूक्ष असतो. प्रश्न कोणता, आजवर काय कळले आहे, काय कळलेले नाही, ते कळण्यासाठी कोणती पद्धत वापरणार, किती रुग्ण लागतील व तितकेच का, निष्कर्षांची छाननी कोणत्या सांख्यिकी पद्धतीने होणार, नीतिसमितीची मान्यता आहे काय, माणसे कोण, वेळापत्रक कसे, खर्च किती. बहुतेक अर्जांत हीच कलमे असतात. परंतु यांतील प्रत्येक कलम म्हणजे अर्जदाराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा असते. पन्नास रुग्णांच्या पाहणीतून उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही, तेवढेच रुग्ण सहज मिळतात म्हणून पन्नास लिहिणे, ही चूक सांख्यिकीची असते त्याहून अधिक नीतीची असते. कारण त्या पन्नास स्त्रियांनी आपले रक्त, आपला वेळ आणि आपला विश्वास अशा कामाला दिलेला असतो की ज्यातून काही निष्पन्न होणार नाही हे आरंभीच दिसत होते. अंदाजपत्रकाचेही तसेच. जे यंत्र विभागाला अन्य कामासाठी हवे आहे ते या अर्जात घुसडावयाचे, हा प्रकार कोणत्याही देशात अगदीच अपरिचित नसावा. सरकारी पैशाच्या बाबतीत तो गैर आहेच. रुग्णांच्या पैशाच्या बाबतीत तो निर्दयपणाचा ठरतो.

या अर्जांतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे सामान्य वाचकासाठी लिहावयाचा सारांश. ज्याला शास्त्राचे शिक्षण नाही अशा माणसाला, म्हणजे त्या संस्थेच्या देणगीदाराला व रुग्णाला, हे काम काय आहे आणि ते का करावयाचे, हे साध्या भाषेत सांगावे अशी त्यात अपेक्षा असते. बरेच संशोधक हा सारांश शेवटच्या रात्री, मूळ मजकुरातील चार वाक्ये उचलून पुरा करतात. वस्तुतः तोच आधी लिहिला पाहिजे. जो प्रश्न साध्या भाषेत मांडता येत नाही, तो मांडणाऱ्यालाच नीट कळलेला नसण्याचा संभव अधिक. शिवाय येथे केवळ शैलीचा प्रश्न नाही. ज्याच्या पैशावर काम चालावयाचे त्याला ते समजण्याचा हक्क आहे, आणि सारांश ही त्या हक्काची पावती आहे. ‘रोग बरा करू’ असे सूचित करून आशा लावणे जितके गैर, तितकेच परिभाषेच्या पडद्याआड लपणेही गैर. तीन वर्षांच्या कामातून एका लहानशा प्रश्नाचे उत्तर मिळेल, एवढेच खरे असेल तर एवढेच लिहावे. दीर्घ आजाराने माणसे शहाणी झालेली असतात. त्यांना सत्य सोसते.

निर्णय कोणी करावा?

येथे एक जुना वाद उभा राहतो. पैसा रुग्णांचा असेल तर तो कशावर खर्च व्हावा हे रुग्णांनी ठरवावे, की तज्ज्ञांनी? केवळ देणगीदारांच्या भावनेवर निर्णय सोपविला तर चटकदार आश्वासने देणाऱ्यांचे फावते. केवळ तज्ज्ञांवर सोपविला तर रुग्णाला रोज छळणारा प्रश्न मागे पडतो आणि प्रयोगशाळेत मानाचा समजला जाणारा प्रश्न पुढे येतो. ल्युपसमधील थकव्याचेच उदाहरण घ्यावे. रक्ताच्या तपासण्या समाधानकारक असताही रुग्ण थकव्याने हतबल असते. परंतु थकवा मोजणे अवघड आणि त्यावर लिहिलेल्या निबंधाला प्रतिष्ठा कमी, म्हणून तो विषय दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधनाला साहाय्य करणाऱ्या धर्मादाय संस्थांचा महासंघ १९८७ साली औपचारिकपणे स्थापन झाला. सभासद संस्थेने आपले प्रत्येक अनुदान तज्ज्ञ-परीक्षणानंतरच द्यावे, असा त्याचा दंडक आहे. त्यामागील तत्त्वांत स्वातंत्र्य, सल्लागारांची पाळीपाळीने अदलाबदल आणि निःपक्षपात यांचा समावेश होतो. ज्याचा अर्जाशी हितसंबंध आहे त्याने त्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावे, आणि तीच ती चार नावे वर्षानुवर्षे समितीवर असू नयेत, हा यातील व्यावहारिक भाग. महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठाच्या समित्यांची यादी डोळ्यांपुढे आणली तर यातील अदलाबदलीच्या तत्त्वाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. रुग्णांचा सहभागही आता मान्य होऊ लागला आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये ‘जेम्स लिंड अलायन्स’ सुरू झाली; रुग्ण, त्यांचे सेवेकरी आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून संशोधनाचे अग्रक्रम ठरवावेत, ही तिची पद्धत. अमेरिकेत संरक्षण खात्यामार्फत वैद्यकीय संशोधनाला जो निधी दिला जातो, त्यात २०१७ साली ल्युपससाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच्या परीक्षणमंडळांवर शास्त्रज्ञांबरोबर रुग्णांनाही मताधिकारासह स्थान देण्यात आले. शास्त्रीय पद्धत बरोबर आहे की नाही हे तज्ज्ञांनी पाहावे आणि प्रश्न विचारण्याजोगा आहे की नाही हे सांगताना रुग्णांचा आवाज असावा, ही विभागणी रास्त आहे.

तज्ज्ञ-परीक्षण म्हणजे मात्र देववाणी नव्हे. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात क्रिस्टीन वेनेरोस व अॅग्नेस व्होल्ड या स्वीडिश शास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांच्या देशातील वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुणतक्ते त्यांनी तपासले, तेव्हा पुरुषाइतकेच गुण मिळविण्यासाठी स्त्री अर्जदाराला सुमारे अडीचपट अधिक काम दाखवावे लागे, असे आढळले. स्वीडनसारख्या समतेबद्दल ख्यात देशाची ही कथा. प्रामुख्याने स्त्रियांना होणाऱ्या रोगाच्या संशोधनाविषयी बोलताना तिचे विस्मरण होऊ नये. चांगल्या म्हणून निवडलेल्या पंचवीस अर्जांतून दहा उचलताना परीक्षकांचे कौशल्य फारसे कामी येत नाही, त्यात दैवाचा भाग मोठा असतो, हेही आता मान्य होऊ लागले आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३पासून एका प्रकारच्या अनुदानासाठी, किमान कसोटीला उतरलेल्या अर्जांतून चक्क चिठ्ठ्या टाकून निवड करण्याची पद्धत स्वीकारली. ही पद्धत सर्वत्र स्वीकारावी असे नाही. परंतु नामंजूर झालेला अर्ज म्हणजे अर्जदाराच्या बुद्धीवरचा शेरा नव्हे, एवढा बोध तरुणांनी त्यातून अवश्य घ्यावा. नकार देणाऱ्या संस्थेवरही एक जबाबदारी येते. नकाराची कारणे लेखी व स्पष्ट कळविली पाहिजेत. चार महिने खपून लिहिलेल्या अर्जाला दोन ओळींचे छापील उत्तर देणे ही उद्धटपणाची गोष्ट आहे.

मर्यादा आणि धोके

धर्मादाय पैशाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा खर्चाची. प्रयोगशाळेची वीज, ग्रंथालय, लेखाकार्यालय, इमारत यांचा बोजा अनुदानातून उचलू द्यावयाचा की नाही? धर्मादाय संस्था बहुधा तो देत नाहीत. देणगीदाराचा पैसा विजेच्या बिलात जावा हे त्यांना रुचत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. पण विजेवाचून प्रयोगही होत नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असा अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली, तेव्हा विद्यापीठांनी न्यायालयात धाव घेतली, ती याच कारणाने. धर्मादाय अनुदान उभे राहते ते सरकारी चौथऱ्यावर. चौथरा काढून घेतला तर वरची मूर्ती हवेत तरंगत नाही. धर्मादाय संस्था आहेत म्हणून सरकारने हात आखडता घ्यावा, हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म. धर्मादाय पैशातून औषध तयार झाले तर नफा कोणाचा? सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगासाठी काम करणाऱ्या अमेरिकी प्रतिष्ठानाने एका औषधकंपनीला संशोधनासाठी पैसा पुरविला. त्यातून आलेल्या औषधाला २०१२ साली मान्यता मिळाली आणि त्याची किंमत एका रुग्णामागे वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर ठरली. २०१४ साली प्रतिष्ठानाने त्या औषधावरील आपले स्वामित्वशुल्काचे हक्क ३३० कोटी डॉलरना विकले. तो पैसा पुन्हा संशोधनाकडेच वळविला जाणार, असे प्रतिष्ठानाचे म्हणणे. ते खोटे नाही. तथापि ज्या कुटुंबांनी वर्गणी गोळा करून औषधाला जन्म दिला, त्यांनाच ते परवडेनासे व्हावे, हा प्रश्न उरतोच. तेव्हा अनुदानाच्या करारात, निष्कर्ष सर्वांना खुले राहतील आणि फलप्राप्ती झाल्यास किमतीवर काही बंधन राहील, अशी कलमे आरंभीच घालणे शहाणपणाचे.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

भारताशी या विषयाचा संबंध दुरान्वयाचा नाही. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ल्युपसचे प्रमाण लाखात सुमारे तीन आढळले. ते कमी दिसते. परंतु निदान न झालेल्या स्त्रिया कोणत्याच नोंदीत नसतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची सांध्यांच्या विकारांसाठी पाहणी केली. तिचा उल्लेख या विषयावरील लिखाणात जगभर होतो. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत ल्युपसवर काम झालेले आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून नव्याने निदान झालेल्या रुग्णांची दीर्घकाळ नोंद ठेवण्याचा प्रकल्पही हाती घेतला आहे. म्हणजे माणसे आहेत, रुग्ण आहेत, प्रश्न आहेत. उणीव आहे ती समाजातून येणाऱ्या संशोधन-निधीची आणि तो नीट मागण्याच्या व वापरण्याच्या सवयीची.

अशा निधीची परंपरा येथे नव्हतीच, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्तकर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ जो न्यास स्थापन केला, तो आजतागायत जगभरातील रक्तकर्करोग-संशोधकांना साहाय्य करीत आहे. एका घरातील दुःख जगाच्या उपयोगी पाडण्याचे इतके दूरदृष्टीचे उदाहरण विरळाच. चांगला अर्ज काय करू शकतो याचा दाखलाही मुंबईचाच आहे. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली, आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था अस्तित्वात आली. त्या पत्राचे सामर्थ्य मागणीच्या आकड्यात नव्हते. ज्या देशाला उद्या शास्त्रज्ञ लागणार आहेत त्याने आज काय केले पाहिजे, याच्या स्वच्छ आकलनात होते.

आज एखाद्या भारतीय संशोधकाने परदेशी ल्युपस संस्थेकडे अर्ज करावयाचा म्हटले तर मजकूर लिहिणे हा त्यातील सोपा भाग ठरतो. परदेशी साहाय्य असलेल्या आरोग्य-संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या परीक्षण समितीची मान्यता लागते. खासगी न्यास किंवा संस्था असेल तर परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते, आणि एकदा घेतलेली रक्कम सहकारी संस्थेकडे वर्ग करता येत नाही. परकीय पैशावर नजर ठेवण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारत नाही. पण पुणे, वर्धा आणि लखनौ येथील तीन रुग्णालयांनी मिळून एक काम करावयाचे ठरविले, तर पैशाची वाटणी करण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडावी, हे कोणाच्याच हिताचे नाही. आरोग्य-संशोधनापुरती तरी या नियमात सवलत मिळावी, ही मागणी रास्त आहे.

सरकारला दोष देऊन मात्र विद्यापीठांची सुटका होणार नाही. अनुदान मंजूर होऊनही खरेदीची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहते, कोटेशनांची मुदत संपते, प्रकल्पावरील संशोधन साहाय्यकाचे वेतन चार-चार महिने निघत नाही आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर न गेल्याने दुसरा हप्ता अडतो, या कथा नव्या नाहीत. लेखाशाखेतील लिपिकाला त्या फाईलमागे कोण आहे हे कोणी सांगितलेले नसते. त्याच्या दृष्टीने तो एक लेखाशीर्षाचा आकडा असतो. त्याला दोष देण्यापेक्षा, संशोधनाच्या कामात त्यालाही भागीदार मानले पाहिजे. रुग्णांच्या संस्थेकडून आलेल्या पैशाचा हिशेब चोख व वेळेवर पाठविणारा लिपिक त्या संशोधनाला प्रयोगशाळेतील साहाय्यकाइतकाच हातभार लावीत असतो. प्रत्येक विद्यापीठात अर्ज लिहिण्यास मदत करणारा, अंदाजपत्रक तपासणारा आणि मंजुरीनंतर हिशेब सांभाळणारा एक छोटा पण जाणकार कक्ष असला, तर अर्जांची संख्याही वाढेल आणि दर्जाही.

शिक्षकांचे काम याहून मूलभूत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहिण्यास शिकविले जाते. पण मला काय शोधावयाचे आहे, ते का शोधण्याजोगे आहे आणि त्यासाठी किती पैसा लागेल, हे दोन पानांत, प्रामाणिकपणे आणि शक्य तर मराठीतही लिहिण्यास शिकविले जात नाही. मराठीचा आग्रह येथे केवळ भाषाभिमानापोटी नाही. संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाला त्याची माहिती त्याच्या भाषेत दिली पाहिजे, असा वैद्यकीय संशोधनाचा नियमच आहे. प्रत्यक्षात संमतिपत्रांचे मराठी अनुवाद पुष्कळदा इतके दुर्बोध असतात की त्यांच्यावरची सही ही समजून केलेली सही आहे असे म्हणण्यास धाडस लागते. भिगवणच्या स्त्रीला ज्या भाषेत आपले काम सांगता येत नाही, त्या कामासाठी तिचे रक्त मागण्याचा अधिकार संशोधकाला कितपत पोहोचतो, याचा विचार व्हावा.

ल्युपसच्या रुग्णांनी अन्य देशांत जे केले ते येथे जसेच्या तसे होणार नाही. होण्याची गरजही नाही. गणेशोत्सवापासून वाचनालयांपर्यंत वर्गणी काढून संस्था चालविण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. त्या वर्गणीचा एक वाटा ज्ञाननिर्मितीकडे वळविण्याची दृष्टी तेवढी यावयाची आहे. ती आली तर तो पैसा मागण्यास लायक असे अर्जही लिहिले गेले पाहिजेत. कारण देणाऱ्यांचा विश्वास एकदा उडाला की तो परत आणणारे अनुदान कोणतीही संस्था देत नाही. पंचविशीतील एखादी मुलगी चेहऱ्यावरचा लाल डाग आणि न उतरणारा ताप घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत असते, तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अजून न लिहिलेल्या एखाद्या अर्जात असते. तो अर्ज लिहिला जाणे, नीट वाचला जाणे आणि मंजूर झाल्यावर त्याची फाईल टेबलावर पडून न राहणे, या तिन्ही गोष्टी कोणाच्या ना कोणाच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. ते काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते चोख केले, तर त्या मुलीचे उत्तर काही वर्षे तरी आधी मिळेल.